पुणे ते महाबळेश्वर १२० किमी: पसरणी घाट नव्वदाव्या किलोमीटरला येतो, हे धरून सराव करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. वय ४४, कोथरूडला राहता, सात-आठ महिने झाले हायब्रिड सायकल घेऊन, आठवड्यातून चार-पाच दिवस सकाळी १५-२० किमी होतात, सोसायटीतला १४ जणांचा ग्रुप डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी महाबळेश्वरला निघतोय, जाताना सायकलवर आणि रविवारी सायकली टेम्पोत टाकून परत. हातात १२ आठवडे आहेत. आणि तुमचा बेत असा की रोजचे २० चे २५ करायचे, मग ३०, मग ३५, असं करत करत १२० ला पोचायचं. हे बरोबर आहे का आणि या वयात जमेल का, असं विचारलंय.

जमेल. पण बेत बदलावा लागेल.

मी १४ वर्षं सायकल चालवतेय, पुणे-महाबळेश्वर नऊ वेळा झालंय, त्यातल्या पाच वेळा नवीन लोकांना घेऊन. त्यामुळे लोक नेमके कुठे थकतात ते जवळून बघितलंय. ते कात्रजच्या चढाला थकत नाहीत, खंबाटकी घाटातही सहसा नाही. थकतात ते वाई सोडल्यावर. वाई गाव येतं तेव्हा तुमच्या घरापासून साधारण ९० किमी झालेले असतात आणि पसरणी घाट तिथे सुरू होतो. वाई साधारण सातशे मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी तेराशेच्या जवळ, मध्ये दहा-अकरा किलोमीटरचा सलग चढ. नुसता पसरणी घाट ताज्या पायांनी चढायला अवघड नाहीये, पाच टक्क्यांच्या आसपास चढ आहे, वळणंही चांगली आहेत. अवघड हे की तो नव्वदाव्या किलोमीटरला येतो आणि उन्हाच्या वेळी येतो. म्हणजे तुम्हाला १२० किमी चालवायची तयारी करायची नाहीये, सहा तास सायकलवर बसून झाल्यावर दीड तास चढायची तयारी करायचीय. या दोन्हींचा सराव वेगळा असतो.

म्हणूनच रोज थोडं थोडं वाढवायचा बेत उपयोगाचा नाही. रोज ३५ किमी केलेत तर शरीर दीड-पावणेदोन तासांच्या मेहनतीला छान सरावेल आणि तिथेच थांबेल. चौथ्या तासाला काय होतं, मान कशी आखडते, तळव्यांना मुंग्या येतात, सीटवर बसवत नाही, खायची इच्छा होत नाही, हे त्याला कळणारच नाही. शिवाय रोज ३५ म्हणजे विश्रांती शून्य, ऑफिस आणि घर सांभाळून तर सहाव्या आठवड्यात तुम्ही कंटाळाल किंवा गुडघा बोलायला लागेल. स्नायू मजबूत होतात ते चालवताना नाही होत, चालवून झाल्यावर झोपेत आणि सुट्टीत होतात, त्यामुळे सुट्टी हा सरावाचाच भाग धरा.

माझं म्हणणं असं की आठवड्यात तीन वेळाच सायकल काढा, फार तर चार. दोन दिवस छोट्या राइड आणि एक दिवस लांब. आणि लांब राइडचे किलोमीटर मोजूच नका, तास मोजा. पानशेत रोडचे ५० किमी आणि लोणावळा रोडचे ५० किमी यात शरीराला खूप फरक पडतो, पण तीन तास म्हणजे तीन तासच. तुमच्या ग्रुपच्या दिवशी तुम्ही साधारण सात ते आठ तास प्रत्यक्ष पायडल मारत असाल, थांबे वेगळे. तेवढा वेळ सरावात एकदाही करायची गरज नाही, पाच-साडेपाच तासांपर्यंत पोचलात की उरलेलं त्या दिवशीचा उत्साह आणि सोबतची माणसं ओढून नेतात. हे मी खात्रीने सांगतेय, बहुतेक वेळा असंच झालंय.

तर १२ आठवडे असे धरा. पहिल्या रविवारी दोन तास, दुसऱ्या रविवारी सव्वादोन, तिसऱ्या रविवारी पावणेतीन आणि चौथ्याला परत दोनवर या. हो, कमी करा. तेव्हा पाय छान वाटत असतात आणि कमी करायचं जिवावर येतं, पण दर चौथ्या आठवड्याला हात आखडता घेतला की पुढचे तीन आठवडे झेपतात. मग तीन तास, साडेतीन, चार, आणि आठव्या आठवड्यात परत पावणेतीन. नवव्याला साडेचार, दहाव्याला साडेपाच, ही तुमची सगळ्यात लांब राइड. अकराव्याला अडीच-तीन तास आरामात, आणि बाराव्या आठवड्याच्या शनिवारी महाबळेश्वर. शेवटच्या दोन आठवड्यांत लोक घाबरून जास्त चालवतात, राहिलेलं भरून काढायला. तसं करू नका. त्या दोन आठवड्यांत नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा येतो आणि तो घेऊन तुम्ही निघता.

मधे एखादा रविवार बुडेल. घरात कार्य असेल, कोणी आजारी पडेल, दिवाळी तर आहेच. बुडालेली राइड पुढच्या आठवड्यात जोडून घेऊ नका, जिथे होतात तिथूनच पुढे चला. दिवाळीत चार दिवस सायकल काढली नाही तर काहीही बिघडत नाही. आणि नवरात्राचे कडक उपवास करत असाल तर त्या नऊ दिवसांत लांब राइड ठेवूच नका, छोट्या करा. रिकाम्या पोटी साडेतीन तास चालवून चक्कर आलेली एक मैत्रीण मी रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलीय, ते दृश्य पुन्हा बघायचं नाहीये मला.

छोट्या राइड दोन प्रकारच्या ठेवा. एक अगदी निवांत, तासाभराची, ज्यात शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, एनडीए रोडला जाऊन या. दुसरी थोडी दमवणारी. तुम्ही कोथरूडला आहात म्हणजे चांदणी चौकाचा चढ घराशीच आहे, तिथून भूगाव, पिरंगुट करून परत आलात की तीसेक किमी होतात आणि जाता-येता दोन्हीकडे चढ मिळतात. चढावर मात्र उभं राहून धापा टाकत चढायचं नाही. हलका गियर टाका, सीटवर बसा आणि पाय फिरत ठेवा. मिनिटाला ७०-८० फेरे पडले पाहिजेत, सपाटीवर ८०-९०. नवीन माणसं जड गियर टाकून रेटत बसतात, त्यांना वाटतं त्यात ताकद आहे, आणि तो सगळा भार गुडघ्यावर जातो.

गियरचा विषय निघालाच आहे तर हे आजच बघा. तुमच्या हायब्रिडला पुढे तीन चकत्या असतील तर सगळ्यात लहान चकतीवर किती दात आहेत आणि मागच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाच्या, सगळ्यात मोठ्या चकतीवर किती, मोजा किंवा त्यावर लिहिलेलं असतं. पुढे २८ आणि मागे ३२ असेल तर तुम्ही खूप सुखी आहात, कारण मिनिटाला ७० फेरे मारून तुम्ही ताशी ८ च्या वेगाने चढाल, आणि नव्वद किमीनंतर पसरणीत बहुतेकांचा वेग तोच असतो. ग्रुपमधल्या रोड बाइकवाल्यांचं बघून हिरमुसू नका. पुढे ३४ आणि मागे २८ असलेल्या रोड बाइकवर त्याच वेगाला मिनिटाला पन्नासेकच फेरे पडतात, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला रेटा द्यावा लागतो. सपाटीवर ते तुमच्या पुढे जातील, घाटात तुम्ही त्यांना गाठाल. पुढे दोनच चकत्या असतील आणि हिशोब जड येत असेल तर मागची कॅसेट बदलता येते, चांगल्या सायकल मेकॅनिकला दाखवा, पण हे पहिल्या महिन्यात करा, आदल्या आठवड्यात नाही.

आता लांब राइडला कुठे जायचं. पहिल्या महिन्यात खडकवासला, डोणजे, किंवा पौड रोडने पौडपर्यंत जाऊन परत, इतकं पुरे. दुसऱ्या महिन्यात मुळशी करा, धरणापर्यंत जाऊन यायचं, सत्तर-ऐंशी होतात, रस्ता खालीवर आहे आणि पावसाळा नुकताच संपलेला असतो म्हणून हिरवंगार असतं सगळं. एकदा कोंढव्याकडून बोपदेव घाट चढून सासवड, तिथून नारायणपूर, मग कापूरहोळला हायवेला लागून कात्रजवरून परत, असा मोठा गोल करा. साधारण नव्वद-शंभर होतात, आणि याचा मोठा फायदा असा की कापूरहोळ ते कात्रज हा हायवे तुम्हाला उलट्या बाजूने आधीच बघायला मिळतो. ट्रक किती जवळून जातात, कडेची पट्टी कुठे संपते, सर्व्हिस रोड कुठे घ्यावा, हे डोळ्यांना सवयीचं झालं की त्या दिवशी पहाटे छातीत धडधडत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची आहे ती दहाव्या आठवड्याची राइड, आणि ती मी सांगते तशीच करा. पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघायचं, डोणज्यावरून सरळ पानशेतला जायचं, बॅकवॉटरच्या कडेचा रस्ता आहे, चढउतार आहेत पण जीव काढणारे नाहीत. पानशेतला काहीतरी खायचं, परत डोणज्याला यायचं. इथवर ५५-६० किमी झालेले असतील, घर वीसेक किमीवर असेल आणि मन म्हणेल चला झालं. तिथे घराकडे न वळता सिंहगडाच्या घाटाला लागायचं. नऊ-एक किलोमीटरचा घाट आहे आणि पसरणीपेक्षा चढ जास्त आहे, काही वळणं तर चांगलीच उभी आहेत. थांबत थांबत चढा, दोनदा थांबा, पाचदा थांबा, दम लागला तर उतरून शंभर पावलं चाललात तरी चालेल. पण थकलेल्या पायांनी चढायचं कसं, हलक्या गियरमध्ये जिभेला कोरड पडली असताना मन कसं शांत ठेवायचं, हे त्या दिवशी शिकायला मिळतं आणि दुसरं कुठेच मिळत नाही. रविवारी नऊनंतर सिंहगडावर गाड्यांची प्रचंड गर्दी असते म्हणून शक्य असेल तर शनिवारी करा किंवा ऑफिसची एक रजा टाका. रजा वाया नाही जाणार. ज्यांनी ही राइड केली त्यांच्यापैकी कोणीही पसरणीत टेम्पोत बसलेलं मी बघितलं नाहीये. आणि वर पिठलं-भाकरी, दही सगळं असतं पण पोटभर जेवून घाट उतरू नका, थोडं खा, उतरा, घरी येऊन जेवा.

उतरायचं म्हटलं तर, ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक मिळून वेग कमी करायचा, वळण घेताना सोडायचे. रिम ब्रेक असतील तर सतत घासून रिम तापते आणि ब्रेकची पकडही कमी होते. हात दुखायला लागले तर थांबा.

खाण्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण माझी स्वतःची पहिली महाबळेश्वर राइड मी इथेच गमावली होती. पहिल्या वर्षी मी पुढच्या जोरदार मुलांच्या मागे लागले, ते ताशी तीसने जात होते, मीही शिरवळपर्यंत तशीच गेले, फार मजा येत होती, वाऱ्याचा अडथळा नव्हता आणि भूकही नव्हती म्हणून काही खाल्लं नाही. फक्त चहा आणि पाणी. पसरणीच्या तिसऱ्या वळणावर पाय अक्षरशः बंद पडले, हात थरथरायला लागले, विनाकारण रडू यायला लागलं. गाडीत बसून वर गेले. नंतर समजून घेतलं तेव्हा कळलं की स्नायूंमध्ये आणि यकृतात साठवलेली साखर, ज्याला ग्लायकोजन म्हणतात, ती जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत बरीचशी खर्च होते, आणि एकदा ती संपली की मग खाऊन लगेच भरून येत नाही. भूक लागायची वाट बघितली म्हणजे उशीर झालाच.

म्हणून पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून खायला सुरुवात करायची आणि मग दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळं म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. बाकी आपल्याकडचे पदार्थ यासाठी फार सोयीचे आहेत, चिक्की, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, आणि माझा आवडता म्हणजे पोळीला गूळ-तूप लावून केलेला रोल, चार तुकडे करून फॉइलमध्ये गुंडाळायचे आणि जर्सीच्या मागच्या खिशात. महागडी एनर्जी जेल घ्यायचीच असतील तर घ्या पण सरावात आधी खाऊन बघा, काहींना त्याने मळमळतं. निघताना पोहे किंवा उपमा, कमी तेलाचा. वाटेत मिसळ आणि वडापावचा मोह होतोच, ग्रुपमध्ये कोणीतरी आग्रह करतंच, पण तेल पचायला वेळ लागतो आणि पुढे घाटात ते घशाशी येतं. साबुदाण्याची खिचडीही नको. ते सगळं पाचगणीत पोचल्यावर.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात थोडं जास्त. नुसतं पाणी पीत राहू नका, घामातून मीठही जातं. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस. वाटेत शहाळं, ताक, कोकम सरबत काहीही मिळालं तरी चांगलं. तासनतास नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही धोक्याचं आहे. तुमचा सराव ऑक्टोबरच्या उन्हात होणार आहे, त्याचा फायदा करून घ्या, किती पाणी लागतं याचा अंदाज तेव्हाच येतो, डिसेंबरमध्ये मग सोपं वाटतं.

आता काही गोष्टी बायकांनी बायकांना सांगायच्या. पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे दुकानात कोणी सांगत नाही. शिवण घासली की तिसऱ्या तासाला जखम होते. घासण्याच्या जागी व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. सीट खूप मऊ, गादीसारखी घेऊ नका, ती दाबली जाते आणि नको तिथे टोचते. आपली बसण्याची हाडं पुरुषांपेक्षा बहुधा थोडी रुंद असतात म्हणून सीटची रुंदी महत्त्वाची, मऊपणा नाही. दोन-अडीच तासांनंतरही बधिरपणा येत असेल तर सीट बदला, सहन करू नका. आणि लघवीला थांबायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायची जी सवय आपल्या सगळ्यांना लागलेली असते ती इथे सोडा. ग्रुपच्या मीटिंगमध्ये स्पष्ट सांगा की थांबे स्वच्छतागृह असलेल्या हॉटेललाच हवेत. तुम्ही बोललात की बाकीच्या दोघीतिघीही सुटकेचा श्वास टाकतील. पाळीच्या तारखा त्याच दिवशी येत असतील तरी राइड रद्द करायची गरज नसते, पण दुखत असेल त्या आठवड्यात लांब राइड मागेपुढे करा.

आणखी एक, तुम्ही लिहिलंय की जिने चढताना हल्ली लवकर दम लागतो. सायकल चालवूनही असं होत असेल तर सरावाच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये ते कमी असणं फार कॉमन आहे आणि ते कमी असताना कितीही सराव केला तरी चढावर फारसा फरक पडत नाही, उगाच स्वतःला दोष देत बसतो आपण. बीपी, शुगर, घरात कोणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करा. चालवताना छातीत दाब, डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काहीही झालं तर तिथेच उतरायचं, घाट पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

सायकलचं मापही एकदा बघून घ्या. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे, म्हणजे चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर जास्त वर. एकदम दोन इंच हलवू नका, चार-पाच मिलीमीटर, मग दोन राइड करून बघा. तुमच्या ३५ मिमी रुंदीच्या टायरमध्ये ५५-६५ पीएसआय हवा पुरते, दगडासारखी टणक हवा भरली की वेग वाढतो हा गैरसमज आहे, आपल्या रस्त्यांवर उलट हातांना आणि पाठीला हादरे बसतात. पंक्चर काढायला शिका. दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, आणि घरी दोनदा चाक काढून बसवून बघा. ग्रुपमध्ये कोणीतरी काढून देईलच, पण तेरा माणसं हायवेच्या कडेला ताटकळत उभी असताना आपल्याला येत असलेलं बरं.

ग्रुपबद्दल. तुम्ही आजवर एकट्याच चालवता असं दिसतंय, त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून किमान तीन राइड त्याच ग्रुपबरोबर करा. दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो आणि बरीच ताकद वाचते, पण त्याची सवय लागते. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या शेजारी कधीच आणायचं नाही, तो जरा सरकला की पडतो तो मागचा. नजर त्याच्या चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यावरून पुढे बघा. एकदम ब्रेक मारायचा नाही. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि ओरडायचं, मागून गाडी आली की शेवटच्याने ओरडायचं, हे शब्द आधी ठरवून घ्या, प्रत्येक ग्रुपचे वेगळे असतात. हायवेला एकामागे एक, कडेच्या पट्टीत, गप्पा मारत दोघं शेजारी शेजारी नाही. आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस हवाच, जो कोणालाही मागे टाकून पुढे जाणार नाही. तुमच्या ग्रुपने हा माणूस ठरवलाय का ते विचारा. ठरवला नसेल तर ठरवायला लावा, माझ्या मते १४ जणांच्या राइडमध्ये पुढच्या माणसापेक्षा हा माणूस महत्त्वाचा आहे.

त्या दिवशीचा हिशोब मी असा धरते. पहाटे पाचला निघायचं, डिसेंबरमध्ये सातपर्यंत नीट उजेड नसतो म्हणून पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा प्रत्येकाला सक्तीचा, हेल्मेटही. कात्रजचा चढ अंधारात आणि थंडीत होतो, तिथे जाणीवपूर्वक सावकाश जा, घाम आला तर वेग जास्त आहे. मग उतार आणि खेड शिवापूर, कापूरहोळ, आठच्या सुमाराला शिरवळ. इथवर वीसच्या वर वेग गेला नाही पाहिजे, कितीही छान वाटलं तरी. शिरवळला नाश्ता, अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही, पाय गार पडतात. मग खंबाटकी. मी गेले तेव्हा पुण्याहून जाताना बोगदा लागत नव्हता, जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांना होता, आम्ही घाट चढायचो, आणि तिथे ट्रक आपल्याच बाजूने हळूहळू चढत असायचे, त्यामुळे डावी कड सोडायची नाही आणि ट्रकच्या डावीकडून आत घुसायचं नाही. सव्वादहापर्यंत सुरूर फाटा, तिथे हायवे सुटतो आणि एकदम शांत वाटतं, अकराच्या आत वाई. ढोल्या गणपतीला मनातल्या मनात नमस्कार, बाटल्या भरून घ्या, चेहरा धुवा, काहीतरी गोड खा, वीस मिनिटं सावलीत बसा. मग घाट.

पसरणीत ग्रुप आपोआप फुटतो आणि फुटू द्यावा. प्रत्येकाचा घाटाचा वेग आपापला असतो, दुसऱ्याच्या वेगाने चढायला गेलं की दोघांचीही दमछाक होते. ठरवून टाका की पाचगणीच्या सुरुवातीला सगळे भेटणार. तुम्ही तुमच्या ताशी आठने चढा, दर तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला दोन मिनिटं थांबून मागे बघा, खाली धोम धरणाचं पाणी आणि वाईचं खोरं दिसत राहतं. एकच्या सुमाराला पाचगणी, जेवण, आणि शेवटचे वीस किमी खालीवर रस्ता आहे, पण एव्हाना अवघड भाग संपलेला असतो, गुरेघरच्या आसपास स्ट्रॉबेरीवाले दिसायला लागतात. तीन-साडेतीनला महाबळेश्वर.

म्हणजे थांब्यांसकट दहा-साडेदहा तास. हे कोणाला हळू वाटेल, पण जगभर जी २०० किमीची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, असते तिलाही १३ तास ३० मिनिटं दिलेली असतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही आत, आणि त्यात पार पडलेल्याला कोणी हळू म्हणत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एक ६३ वर्षांचे काका होते, पूर्ण रस्ताभर एकाच लयीत, कोणाच्याही मागे न लागता, दर अर्ध्या तासाला खिशातून खजूर काढून खायचे. पुढे उधळलेली निम्मी तरुण मंडळी त्यांना पसरणीच्या अर्ध्यात कडेला बसलेली सापडली आणि काका प्रत्येकाला दोन दोन खजूर देत वर गेले. मी आजही माझा वेग ठरवताना त्यांचीच आठवण ठेवते.

तर आत्ता लगेच तीन गोष्टी करा, पुढच्या-मागच्या चकत्यांचे दात मोजा, हिमोग्लोबिन तपासा, आणि या रविवारी घड्याळ लावून दोन तास, फक्त दोन तास, बोलता येईल अशा वेगाने चालवून या. मग पानशेत-सिंहगडची राइड झाली की डोणज्यापासून वर पोचायला किती वेळ लागला आणि कितीदा थांबलात ते मला लिहा. त्यावरून कॅसेट बदलायची की नाही आणि वाईला किती वाजेपर्यंत पोचायला हवं, हे तुमच्यापुरतं नेमकं सांगता येईल.